प्रवेशाचे 'बाजूचे दार'

अमेरिकेतील बोस्टन येथे १२ मार्च २०१९ रोजी केंद्रीय सरकारी वकिलांनी पन्नास जणांवर आरोप ठेवल्याचे जाहीर केले, तेव्हा त्या देशाला बसलेला धक्का गुन्ह्याच्या स्वरूपापेक्षा आरोपींच्या ओळखीमुळे अधिक तीव्र होता. पन्नासपैकी ३३ जण पालक होते. चित्रपट आणि दूरचित्रवाणीवरील नामवंत अभिनेत्री, गुंतवणूक कंपन्यांचे प्रमुख, न्यूयॉर्कमधील एका बड्या विधी संस्थेचा सहअध्यक्ष अशी ही मंडळी होती. पोटापाण्याची भ्रांत नसलेल्या, किंबहुना पुढच्या दोन पिढ्यांची तरतूद करून ठेवलेल्या या आईबापांनी मुलांना येल, स्टॅनफर्ड, जॉर्जटाउन किंवा सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून लाच दिली, परीक्षेत तोतये बसवले आणि मुलांची खोटी क्रीडा कारकीर्द रचली, असा हा आरोप होता. एफबीआयने या तपासाला 'ऑपरेशन व्हर्सिटी ब्लूज' असे नाव दिले होते. पुढील चार वर्षांत पन्नासहून अधिक जण दोषी ठरले. खटले आता मागे पडले असले, तरी त्यांनी उभा केलेला प्रश्न मात्र तसाच आहे. पैशाच्या बळावर प्रवेश मिळवणे हा गुन्हा असेल, तर तो नेमका कोणत्या टप्प्यावर गुन्हा ठरतो?

तीन दारांचा सिद्धांत

या प्रकरणाचा सूत्रधार विल्यम 'रिक' सिंगर हा कॅलिफोर्नियातील प्रवेश सल्लागार होता. महाविद्यालयात शिरण्याची तीन दारे असतात, असे तो पालकांना समजावून सांगत असे. पुढचे दार गुणवत्तेचे. तेथे कोणतीही हमी नाही. मागचे दार मोठ्या देणगीचे. विद्यापीठाला इमारत किंवा अध्यासन द्यायचे आणि पाल्याच्या अर्जाकडे 'विशेष लक्ष' मिळवायचे. मात्र त्यासाठी कोट्यवधी डॉलर मोजूनही हमी मिळत नाही. म्हणून सिंगरने तिसरे, म्हणजे 'बाजूचे दार' शोधून काढले. मागच्या दाराच्या तुलनेत त्याचा खर्च बराच कमी होता आणि प्रवेशाची जवळजवळ खात्री होती. २०११ पासूनच्या सुमारे आठ वर्षांत पालकांनी त्याच्या हाती सुमारे अडीच कोटी डॉलर सोपवले.

या दाराला दोन वाटा होत्या. पहिली प्रवेश परीक्षेची. अमेरिकी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी एसएटी किंवा एसीटी या परीक्षांचे गुण ग्राह्य धरले जातात. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना तेथे जादा वेळ मिळतो आणि गरजेनुसार वेगळ्या ठिकाणी परीक्षा देता येते. सिंगर पालकांना पाल्यासाठी अशा अक्षमतेचे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळवायला सांगे. त्यानंतर काही निमित्त काढून परीक्षाकेंद्र बदलून घेतले जाई आणि विद्यार्थी ह्यूस्टन किंवा वेस्ट हॉलिवूड येथील केंद्रावर पोहोचे. या दोन्ही ठिकाणची माणसे आधीच विकत घेतलेली असत. हार्वर्डमध्ये शिकलेला आणि फ्लोरिडातील एका अकादमीत परीक्षांची तयारी करून घेणारा एक गृहस्थ तेथे हजर राही. तो कधी विद्यार्थ्याच्या जागी उत्तरे लिही, तर कधी विद्यार्थी निघून गेल्यावर त्याच्या उत्तरपत्रिकेत दुरुस्त्या करी. एका परीक्षेसाठी पालक १५ हजारांपासून ७५ हजार डॉलरपर्यंत रक्कम मोजत आणि त्यातले सुमारे दहा हजार या 'तज्ज्ञा'च्या वाट्याला येत. ज्या सवलतीसाठी अपंग विद्यार्थ्यांच्या पालकांनी वर्षानुवर्षे झगडा केला, तिचाच चोरवाट म्हणून वापर झाला. प्रत्येक खोट्या प्रमाणपत्रामागे खरे प्रमाणपत्र घेऊन येणाऱ्या मुलाकडे संशयाने पाहिले जाण्याची शक्यता वाढते, हे या प्रकरणातील फारसे चर्चिले न गेलेले नुकसान आहे.

दुसरी वाट मैदानातून जात होती. अमेरिकी विद्यापीठांत क्रीडा प्रशिक्षकांना आपल्या संघासाठी काही खेळाडूंची शिफारस करण्याचा अधिकार असतो आणि या शिफारशीचे वजन विलक्षण असते. हार्वर्डविरुद्धच्या एका खटल्यात उघड झालेल्या आकडेवारीच्या विश्लेषणानुसार, तेथे प्रशिक्षकांनी निवडलेल्या खेळाडूंपैकी ८६ टक्के अर्जदारांना प्रवेश मिळत होता. इतर अर्जदारांत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास होते. सिंगरने नेमकी हीच फट हेरली. नौकानयन, टेनिस, वॉटर पोलो, फुटबॉल अशा खेळांच्या प्रशिक्षकांना पैसे देऊन तो कधीही तो खेळ न खेळलेल्या मुलांची नावे यादीत घालून घेई. त्यासाठी खोटे पराक्रम रचले जात, खऱ्या खेळाडूंच्या छायाचित्रांवर मुलांचे चेहरे चिकटवले जात. अभिनेत्री लोरी लॉफलिन आणि तिचा पती यांनी आपल्या दोन मुलींना वल्हवण्याच्या खेळातील निष्णात खेळाडू म्हणून सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश मिळवून दिला, तो पाच लाख डॉलर मोजून. त्यासाठी मुलींना व्यायामाच्या वल्ह्यांच्या यंत्रावर बसवून छायाचित्रे काढण्यात आली होती.

तळे राखणाऱ्यांनी किती पाणी चाखले, त्याचेही हिशेब न्यायालयात आले. जॉर्जटाउनच्या टेनिस प्रशिक्षकाने सुमारे ३५ लाख डॉलर घेतले. येलच्या महिला फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकाने एकाच प्रवेशासाठी चार लाख डॉलर स्वीकारले. त्या मुलीच्या कुटुंबाने सिंगरला मोजलेली रक्कम १२ लाख होती. स्टॅनफर्डच्या शिडाच्या नौकानयनाच्या प्रशिक्षकाने मात्र स्वतःसाठी एक डॉलरही ठेवला नाही, सारा पैसा संघाच्या निधीत जमा केला. त्याला एका दिवसाची आणि तीही आधीच भोगून झालेली कैद झाली. लाच कोणाच्या खिशात गेली यावर तिचे स्वरूप बदलते काय, हा प्रश्न याच शिक्षेने प्रथम उपस्थित केला.

दानधर्माचा बुरखा

या व्यवहाराचा सर्वांत निर्ढावलेला भाग हिशेबाच्या वहीत होता. पालकांचे पैसे सिंगरने स्थापन केलेल्या धर्मादाय संस्थेत देणगी म्हणून जमा होत. वंचित मुलांच्या शिक्षणासाठी आपल्या देणगीचा उपयोग होईल, असे आभारपत्र पालकांना रीतसर मिळे. अनेकांनी त्याच्या आधारे प्राप्तिकरात सवलतही घेतली. म्हणजे वंचितांची संधी हिरावून घेण्यासाठी दिलेली लाच वंचितांच्या नावावर नोंदली जाई आणि तिचा काही भार सामान्य करदात्यावर पडे. विधी संस्थेच्या त्या सहअध्यक्षाने दूरध्वनीवरील संभाषणात आपल्याला नैतिक बाजूची चिंता नाही, चिंता आहे ती मुलगी पकडली जाण्याची, असा अभिप्राय व्यक्त केला होता. पुढे त्याला एक महिन्याची कैद झाली.

हे सारे विद्यापीठांच्या दक्षतेमुळे उघड झाले नाही. शेअर बाजारातील गैरव्यवहाराच्या वेगळ्याच चौकशीत अडकलेल्या एका वित्त व्यावसायिकाने स्वतःची शिक्षा कमी व्हावी म्हणून येलच्या प्रशिक्षकाची माहिती दिली. प्रशिक्षकावरून तपास सिंगरपर्यंत पोहोचला. सप्टेंबर २०१८ पासून सिंगर स्वतःच तपास यंत्रणेसाठी पालकांशी बोलू लागला आणि ती संभाषणे ध्वनिमुद्रित होऊ लागली. जगातील श्रेष्ठ संशोधन संस्थांना आपल्या वॉटर पोलो संघात निवडलेला मुलगा तो खेळ खेळतो की नाही, हे अनेक वर्षे तपासावेसे वाटले नाही.

शिक्षा कोणाला, किती?

अभिनेत्री फेलिसिटी हफमन हिने मुलीच्या परीक्षेतील उत्तरे दुरुस्त करून घेण्यासाठी १५ हजार डॉलर दिले होते. मुलीला याची कल्पनाही नव्हती. सप्टेंबर २०१९ मध्ये भारतीय वंशाच्या न्यायाधीश इंदिरा तलवानी यांनी तिला १४ दिवसांची कैद, ३० हजार डॉलर दंड आणि २५० तास समाजसेवा अशी शिक्षा सुनावली. लॉफलिनला २०२० मध्ये दोन महिने आणि तिच्या पतीला पाच महिने कैद झाली. गुन्हा कबूल केलेल्या पालकांपैकी सर्वाधिक शिक्षा नऊ महिन्यांची होती. जॉर्जटाउनच्या प्रशिक्षकाला २०२२ मध्ये अडीच वर्षे आणि सिंगरला जानेवारी २०२३ मध्ये साडेतीन वर्षे कैद झाली.

या शिक्षा सौम्य की कठोर, हा वाद अमेरिकेत झडला. तो झडत असताना अनेकांना ओहायो राज्यातील एका कृष्णवर्णीय आईची आठवण झाली. आपल्या दोन मुलींना शेजारच्या भागातील चांगल्या सरकारी शाळेत जाता यावे म्हणून तिने स्वतःच्या वडिलांचा पत्ता राहण्याचा पत्ता म्हणून दिला होता. २०११ मध्ये तिला त्यासाठी नऊ दिवस तुरुंगात काढावे लागले. नंतर राज्यपालांनी तिच्यावरील गुन्ह्याची श्रेणी कमी केली. लाखो डॉलर खर्चून देशातील प्रतिष्ठित विद्यापीठाची जागा बळकावणारे आणि आजोबांच्या पत्त्यावर मुलींना बऱ्या शाळेत घालणारी आई यांच्या वाट्याला जवळपास सारखाच तुरुंग यावा, यात न्यायाच्या तराजूचे काही बिनसले असल्याची भावना निर्माण होणे स्वाभाविक होते.

मग मे २०२३ मध्ये बोस्टन येथील केंद्रीय अपील न्यायालयाने या प्रकरणाला अनपेक्षित वळण दिले. गुन्हा कबूल न करता खटला लढवणाऱ्या दोन पालकांना ज्युरीने २०२१ मध्ये दोषी ठरवले होते. अपील न्यायालयाने त्यातील बहुतेक दोषसिद्धी रद्द केली; एका पालकाची करविषयक दोषसिद्धी तेवढी कायम राहिली. पालकांचे वर्तन न्यायालयाने गौरवले नाही. परंतु पैसा प्रशिक्षकाच्या खिशात न जाता विद्यापीठाच्याच खात्यात गेला असेल, तर विद्यापीठ एकाच वेळी लाचेचा लाभार्थी आणि लाचेचा बळी कसे ठरू शकते, हा पेच सरकारी पक्षाला सोडवता आला नाही. प्रवेशाची जागा ही कायद्याने सरसकट विद्यापीठाची 'मालमत्ता' ठरते, असे ज्युरीला सांगणेही न्यायालयाने चुकीचे ठरवले.

कायद्याच्या दृष्टीने हा निकाल तर्कशुद्ध असेलही. पण त्याने एक सत्य उघडे पाडले. प्रवेशासाठी विद्यापीठाला पैसे देणे हा तेथे मुळात गुन्हाच नाही. द्वारपालाला परस्पर पैसे दिले की तो गुन्हा होतो. सिंगरच्या ग्राहकांचा कायदेशीर अपराध मालकाऐवजी नोकराशी व्यवहार करण्याचा होता.

मागचे दार उघडेच

या मागच्या दाराचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केवळ परीक्षेच्या गुणांवर प्रवेश दिल्यास ज्यू विद्यार्थ्यांची संख्या वाढते, हे पाहून हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांनी चारित्र्य, व्यक्तिमत्त्व, क्रीडानैपुण्य आणि घराण्याचा वारसा यांना महत्त्व देणारी पद्धत रूढ केली. आज 'समग्र मूल्यमापन' या गोंडस नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीची मुळे काही प्रमाणात या बहिष्कारात आहेत. तिचा उपयोग पुढे गरीब आणि अल्पसंख्य विद्यार्थ्यांना सामावून घेण्यासाठीही झाला, हे खरे. परंतु वारसाहक्काची खिडकी तिने कधीच बंद केली नाही. डॅनियल गोल्डन या पत्रकाराने २००६ मध्ये 'द प्राइस ऑफ अॅडमिशन' या पुस्तकातून देणगी आणि प्रवेश यांच्या संबंधांवर प्रकाश टाकला होता. सिंगरचे प्रकरण बाहेर येण्याआधी तेरा वर्षे.

हार्वर्डच्या आकडेवारीचे अर्थतज्ज्ञांनी २०१९ मध्ये केलेले विश्लेषण या बाबतीत बोलके आहे. तेथे प्रवेश मिळालेल्या श्वेतवर्णीय विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण निवडलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुले किंवा देणगीदारांसह 'विशेष' नावे असणाऱ्या यादीतील होते. कृष्णवर्णीय, आशियाई आणि हिस्पॅनिक विद्यार्थ्यांत हे प्रमाण १६ टक्क्यांहून कमी होते. दिल्लीत जन्मलेले अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांचे सहकारी यांनी जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, परीक्षेत सारखेच गुण असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का कुटुंबांतील मुलांना आयव्ही लीग आणि तत्सम विद्यापीठांत प्रवेश मिळण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक असते. त्याची कारणे तीन होती. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप, अभ्यासेतर गुणांचे मूल्यांकन आणि खेळाडूंची भरती.

या पार्श्वभूमीवर अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये वंशाचा विचार करून प्रवेश देण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. वंचितांना मिळणारे झुकते माप गेले, वारसदारांचे मात्र अबाधित राहिले. त्यानंतर काही राज्ये जागी झाली. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये खासगी विद्यापीठांनाही वारसा आणि देणगीच्या आधारे प्राधान्य देण्यास मनाई करणारा कायदा केला. तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. स्टॅनफर्डने त्यावर राज्याची विद्यार्थी अर्थसाहाय्य योजना सोडण्याचा आणि वारसांना प्राधान्य देण्याची प्रथा चालू ठेवण्याचा मार्ग पत्करला. सार्वजनिक विद्यापीठे तरी निर्मळ असतील, ही अपेक्षाही फोल ठरली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने सहा शैक्षणिक वर्षांत किमान ६४ जणांना ओळखीपाळखी किंवा देणगीच्या जोरावर अयोग्य रीतीने प्रवेश दिल्याचे राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०२० मध्ये दाखवून दिले.

दार बंद करता येते, याचेही उदाहरण आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने वारसांना प्राधान्य देणे टप्प्याटप्प्याने थांबवले. २००९ मध्ये तेथील नव्या विद्यार्थ्यांत माजी विद्यार्थ्यांच्या नातलगांचे प्रमाण १२.५ टक्के होते, ते २०१९ मध्ये ३.५ टक्क्यांवर आले. याच काळात अल्प उत्पन्न गटातील, केंद्रीय अनुदानास पात्र विद्यार्थ्यांचे प्रमाण नऊ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर गेले. विद्यापीठाची प्रतिष्ठा त्यामुळे उणावली नाही.

भारताशी असलेला धागा

हा सारा अमेरिकेचा घरगुती मामला म्हणून सोडून देता येण्यासारखा नाही. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या सर्वाधिक, म्हणजे सुमारे ३ लाख ३१ हजार होती. मुंबई-पुण्यातील अनेक कुटुंबे मुलांच्या अर्जांसाठी सल्लागारांचे उंबरे झिजवतात. १९६५ च्या कायद्यानंतर तेथे स्थायिक झालेल्या भारतीय आणि मराठी कुटुंबांतील मुलांना आजोबा-पणजोबांच्या पदवीचा वारसा सांगता येत नाही. झुकत्या मापाचा फटका बसणाऱ्यांत तीही असतात.

शिवाय मागचे दार महाराष्ट्राला अपरिचित नाही. येथे त्याला 'डोनेशन' म्हणतात. कॅपिटेशन शुल्कास बंदी घालणारा कायदा राज्याने १९८७ मध्येच केला. तरीही हा शब्द पालकांच्या बोलण्यातून गेलेला नाही. पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगी व्यावसायिक महाविद्यालयांत १५ टक्क्यांपर्यंत अनिवासी भारतीयांसाठी जागा ठेवण्यास मुभा दिली. या सवलतीचा पुढे कसा वापर झाला, हे सप्टेंबर २०२४ मध्ये दिसले. दूरच्या नातलगांनाही अनिवासी कोट्यात बसवू पाहणाऱ्या पंजाब सरकारला सर्वोच्च न्यायालयाने ही निव्वळ फसवणूक असल्याचे सुनावले. काका-मामांच्या पारपत्रावर वैद्यकीय प्रवेश मिळवणे आणि वल्ह्यांच्या यंत्रावर छायाचित्र काढून सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ गाठणे यांत तपशिलाचा फरक असेल, वृत्तीचा नाही.

जागा कोणाची गेली?

या प्रकरणात बळी पडलेल्यांची नावे कधीच कळणार नाहीत. खोट्या खेळाडूच्या जागी जिला प्रवेश मिळाला असता, त्या मुलीला आपल्यावर अन्याय झाल्याचे ठाऊकही नाही. नकाराचे पत्र वाचून तिने स्वतःलाच कमी लेखले असेल. कायद्याला ती दिसत नाही, कारण न्यायालयात फिर्याद मांडली गेली ती 'फसवल्या गेलेल्या' विद्यापीठाची.

दुसरे बळी घरातच होते. अनेक मुलांना आपले गुण आपले नाहीत, हे वर्तमानपत्रांतून कळले. काहींचे प्रवेश रद्द झाले. मुलाच्या भल्यासाठी केले, असे पालकांनी न्यायालयात सांगितले. परंतु तोतया बसवणारा बाप मुलाला न बोलता एकच गोष्ट सांगत असतो: तुझ्या बळावर तुला काही मिळेल, यावर माझा विश्वास नाही. हा अविश्वास कोणत्याही पदवीने भरून निघत नाही.

प्रशिक्षकांच्या याद्यांची त्रयस्थ छाननी, वैद्यकीय सवलतींची प्रामाणिक पडताळणी, देणगी विभाग आणि प्रवेश विभाग यांच्यात भक्कम भिंत आणि कोणत्या निकषावर किती प्रवेश दिले याचा जाहीर ताळेबंद, हे उपाय अवघड नाहीत. त्यांसाठी लागते ती इच्छाशक्ती. आणि ज्यांना मागचे दार लाभते, त्यांच्याच हाती किल्ल्या असल्याने ती दुर्मिळ आहे. कैदेतून सुटल्यावर सिंगर पुन्हा प्रवेश सल्ल्याच्या व्यवसायात उतरला. २०२५ मध्ये न्यायालयाने त्याला व्यवसाय बंद करण्यास सांगितले नाही. आपल्या गुन्ह्याची माहिती ग्राहकांना आधी द्यावी, एवढेच बंधन घातले. ते वाचूनही त्याच्याकडे ग्राहक येत राहिले, तर दोष केवळ सल्लागाराचा म्हणता येणार नाही.